पिल्लू नको, कुत्रा घ्या

पाळलेला कुत्रा रस्त्यावर सोडून दिला तर आपल्या देशात दंड किती, असं मी मध्यंतरी भेटेल त्याला विचारत होते. कुणी पाच हजार म्हणालं, कुणी पंचवीस. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी तर थेट तुरुंगच सांगितला. खरा आकडा पहिल्या गुन्ह्याला कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये असा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. उपासमार होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा त्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा ठरतो, पण दंड त्या काळच्या रुपयांत लिहिला गेला तो तसाच राहिला. पन्नास रुपयांत आज पुण्यात धड मिसळ मिळत नाही.

हे आधीच सांगून टाकलं, कारण कुत्रा घरी आणण्याचा निर्णय फसला तर माणसाचं जवळपास काहीच जात नाही. जातं ते कुत्र्याचं. म्हणून दत्तक देणाऱ्या संस्था सगळी खबरदारी आधीच घेतात. लांबलचक फॉर्म भरून घ्यायचा, घरातल्या प्रत्येकाशी बोलायचं, मग घरी येऊन खिडक्या-गॅलऱ्या बघायच्या. या शेवटच्या प्रकाराला ही मंडळी ‘होम चेक’ म्हणतात आणि लोकांना सर्वांत जास्त राग त्याचाच येतो. ठाण्यातल्या एका शिबिरात एक गृहस्थ तावातावाने म्हणत होते, “फुकटचं गावठी पिल्लू न्यायचं, तर पगारापासून सगळं विचारताय!” टेबलामागची मुलगी कॉलेजातली असावी. ती म्हणाली, “काका, परत आलेलं पिल्लू आम्हालाच सांभाळायचं असतं.” काका फॉर्म न भरता गेले. माझ्या मते दोघांचंही भलं झालं.

शिबिरं भरतात त्यालाही पंचांग आहे. पावसाळा सरत आला की, जुन्या लोकांच्या हिशेबाने भाद्रपदात, रस्त्यावरच्या कुत्र्यांचा माजाचा हंगाम येतो. गर्भ साधारण त्रेसष्ट दिवसांचा. म्हणजे घरोघर चकल्या तळल्या जात असतात त्या सुमारास आणि त्यानंतर थंडीभर पार्किंगच्या कोपऱ्यांत, बांधकामाच्या वाळूत, बंद दुकानांच्या फळीखाली पिल्लं जन्मतात. डिसेंबर-जानेवारीत ती दीड-दोन महिन्यांची, गुबगुबीत आणि कुणाच्याही मागे येणारी होतात. तेव्हा ती रस्त्यावर दिसतात आणि फेब्रुवारीपर्यंत बरीचशी दिसेनाशी होतात. कोलकात्याच्या आयसर या संशोधन संस्थेतल्या अभ्यासकांनी रस्त्यावरच्या ९५ वेतांमधली ३६४ पिल्लं नजरेखाली ठेवली होती. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार सात महिन्यांची होईपर्यंत शंभरातली जेमतेम एकोणीस उरली, आणि गेलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसामुळे गेली.

हे वाचल्यावर कुणालाही वाटेल की पिल्लूच उचलायला हवं. शिबिरात गर्दीही पिल्लांच्याच टोपलीभोवती असते, आणि मागणी ठरलेली असते: नर, पांढरा किंवा बदामी, दोन महिन्यांच्या आतला. माद्या मागे राहतात. काळ्या माद्या अगदी शेवटी. शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घालायची म्हणून गाडी कडेला घेणारी माणसं याच शहरांत राहतात. त्यांच्यातलं कुणी शिबिरात येऊन काळं पिल्लू मागत नाही.

पिल्लू वाचवणं चुकीचं आहे असं मला म्हणायचं नाही. बहुतेक मराठी घरांना ते झेपत नाही, एवढंच म्हणायचं आहे. दोघं नोकरीला, मुलं शाळेत, आजी-आजोबा असले तर गुडघ्यांनी बेजार. अशा घरात दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे काय ते एकदा नीट समजून घ्यायला हवं.

पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू होते, रात्रीसुद्धा. त्याला बाहेर नेऊन जागा शिकवायची, तर अजून लसी पूर्ण झालेल्या नसतात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत पुढचे डोस, आणि तीन महिने झाले की रेबीजची. तोवर अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर त्याला सोडायचं नाही. इथे खरी गोची आहे. कारण कुत्र्याच्या पिल्लाचं मन जगाला सरावण्याचा काळ तिसऱ्या आठवड्यापासून साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतो. त्या काळात त्याने रिक्षा, कुकरची शिट्टी, मिक्सर, काठी घेतलेले आजोबा, हेल्मेटवाला पोऱ्या आणि वरातीचा बँड बघितला-ऐकला नाही, तर पुढे जन्मभर त्यावर भुंकत राहण्याची शक्यता मोठी. म्हणजे त्याला कडेवर घेऊन गल्लीभर हिंडायचं, रोज, सकाळ-संध्याकाळ. सुट्टी टाकून हे करणारी माणसं मी पाहिली आहेत. पण बहुतेकांनी रविवारी पिल्लू आणलं होतं आणि सोमवारी त्यांना ऑफिस होतं.

मग पार्व्हो. हा विषाणू जगाला माहीत झाला १९७०च्या दशकाच्या शेवटी. आज कुठल्याही स्वयंसेविकेला तो नुसत्या वासावरून ओळखता येतो. शिबिरात उड्या मारणारं पिल्लू घरी आल्यावर आठवड्याभरात रक्ताची हगवण लागून आडवं होतं, कारण रोग आत शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कधी कधी दोन आठवडे जातात. तेव्हा संस्थेने फसवलं असा आरोप होतो, पण ते पिल्लू त्या दिवशी खरोखरच ठणठणीत दिसत असतं. त्याहून वाईट म्हणजे हा विषाणू घरात, अंगणात कित्येक महिने टिकतो. पिल्लू गेलं म्हणून मुलाचं रडं थांबवायला लगेच दुसरं आणलेलं पिल्लूही त्यानेच जाऊ शकतं.

आणि यातून सगळं निभावलं, तर चौथ्या महिन्यापासून दात. चपला, चार्जर, सोफ्याचा कोपरा, आजोबांची कवळी. सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत कुत्र्याचं अडनिडं वय असतं. शिकवलेलं विसरतो, ताकद वाढलेली असते, गोडवा उतरलेला असतो. परत केली जाणारी कुत्री बहुतेक याच वयाची असतात, असं आश्रयस्थानं चालवणारी माणसं एकमुखाने सांगतात. नव्याचे नऊ दिवस इथे नऊ महिने चालतात, इतकंच. नऊ महिन्यांच्या, परत आलेल्या त्या कुत्र्याला मग कुणीच विचारत नाही, कारण ते आता पिल्लू राहिलेलं नसतं.

म्हणून मोठ्या कुत्र्यांकडे वळू.

पुण्याच्या वेशीवर, जिथे डोंगर फोडून इमारती चढताहेत अशा एका बाजूला, पत्र्याची शेड आणि जाळीचे कप्पे असलेलं एक आश्रयस्थान आहे. फाटक उघडताच जो गदारोळ उठतो त्यात पहिली पाच मिनिटं काही सुचत नाही. मोटारीखाली येऊन मागचे पाय गेलेली, पट्टा मानेत रुतून जखम झालेली, खरजेने केस गेलेली आणि आता पुन्हा केस आलेली, आंधळी. मधूनच एखादा लॅब्राडोर, एखादा सायबेरियन हस्की, नाकाने घरघर करणारे दोन पग. २००३ साली हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलामागे चालणारा पग आला आणि देशभर पग घेण्याची लाट आली, हे चाळिशीतल्या वाचकांना आठवत असेल. अशा लाटा येतात, ओसरतात, आणि त्यातली कुत्री इथे येऊन पडतात. हस्कीचं तर मला कोडंच आहे. सैबेरियात गाड्या ओढायला घडवलेलं जनावर विदर्भाच्या उन्हाळ्यात ठेवायचं, त्यासाठी दिवसभर एसी चालवायचा आणि वर त्याला हौस म्हणायचं.

कप्पे धुणारे एक मामा होते. त्यांना मी विचारलं, यातलं घरात न्यायला सगळ्यात सोपं कोणतं? त्यांनी केरसुणीच्या दांड्याने कोपऱ्याकडे दाखवलं. काळी, गावठी, पाचेक वर्षांची मादी. नाव चिंगी. ती भुंकत नव्हती. उठून आली, जाळीला नाक लावलं, वास घेतला, परत जाऊन बसली. “ताई, ही कप्प्यात कधी घाण करत नाही. बाहेर काढेपर्यंत धरून ठेवते. पोरांना काही करत नाही, मांजर मात्र दिसायला नको,” मामा म्हणाले. वर्षभराहून जास्त काळ ती तिथे होती. नसबंदी झालेली, लसी झालेल्या, रक्ताचे रिपोर्ट चांगले. दोष तीनच: काळी, मादी आणि मोठी.

मामांनी दोन वाक्यांत जे सांगितलं ते कुठल्याही पिल्लाबद्दल कुणीही सांगू शकत नाही. पिल्लू मोठं होऊन केवढं होईल, किती भुंकेल, मुलांशी कसं वागेल, एकटं राहील की दार ओरबाडेल, हे सगळं अंदाजपंचे असतं. मोठ्या कुत्र्याचं माप समोर असतं. त्याला बारा तास जवळून बघणारा माणूस तिथे असतो, आणि त्याला विचारता येतं. प्रश्नही सरळ विचारावेत. जेवताना हात लावला तर गुरगुरतं का? एकटं ठेवलं तर रडतं का? कुणाला घाबरतं, पुरुषांना, काठीला, झाडूला? याआधी कुणी नेऊन परत आणलं होतं का, आणि काय कारण दिलं होतं? शेवटच्या प्रश्नावर समोरचा घुटमळला तर घाई करू नये. दोनदा-तीनदा जाऊन त्या कुत्र्यासोबत फिरून यावं. चांगली संस्था याला नाही म्हणत नाही. जी संस्था पहिल्याच भेटीत कुत्रा हातात देऊन मोकळी होते, तिथून मी तरी घेणार नाही.

मोठा कुत्रा घरी आणण्यातली खरी अडचण वेगळीच आहे. आपल्याला वाटतं, आपण याला वाचवलं, आता हा आपले पाय चाटेल. चित्रफितींनी ही समजूत पक्की केली आहे: आधी हाडांचा सापळा, मग संगीत, मग गादीवर लोळणारा तुकतुकीत कुत्रा. मधले तीन महिने त्यात नसतात. कुत्र्याला आपण वाचलो हे माहीत नसतं. त्याला फक्त कळतं की ओळखीचे वास, ओळखीचे आवाज, ओळखीचे मामा गेले आणि गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात.

दत्तकाच्या कामातली माणसं तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक ढोबळ हिशेब सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रा पलंगाखाली. खात नाही, कधी कधी दिवसभर शू धरून ठेवतो, झोपत नाही किंवा नुसता झोपतो. पाहुण्यांना बोलावून त्याला दाखवण्याचे हे दिवस नव्हेत. तीन आठवड्यांत त्याला घराचं वेळापत्रक कळतं आणि तो आपला स्वभाव दाखवायला लागतो. दाराची घंटा वाजली की भुंकणं, सोफा माझा म्हणणं, कुणा एका माणसाच्या मागे-मागे असणं. ‘आधी किती गरीब होता, आता बिघडला’ अशी तक्रार याच टप्प्यावर येते. तो बिघडलेला नसतो, सैलावलेला असतो. तीन महिन्यांनी, साधारणपणे, ते घर त्याचं होतं. काहींना वर्ष लागतं. रस्त्यावर मार खाल्लेल्या कुत्र्याने उचललेल्या हाताकडे बघून अंग चोरणं कधीच सोडलं नाही, अशीही घरं आहेत आणि त्यांनी ते मान्य केलं आहे.

पहिल्या दोन आठवड्यांबद्दल एक कामाची गोष्ट. नव्याने आणलेली कुत्री पळतात. दार अर्धवट उघडं, दूधवाला, लिफ्टमधून उतरताना पट्ट्यातून मान मागे ओढून घेतली आणि गेलं. ज्या परिसरात त्याला परतीचा वास माहीत नाही, तिथे ते सापडणं फार कठीण. म्हणून गळपट्टा आणि छातीवरचा हार्नेस दोन्ही घालून दोन दोऱ्या हातात ठेवायच्या, गॅलरीला जाळी लावून घ्यायची, गळ्यात फोन नंबरचा बिल्ला पहिल्या दिवसापासून. होम चेकला आलेली मुलगी तुमच्या सोफ्याचं कापड बघत नसते, ती गॅलरीच्या कठड्यातली फट मोजत असते.

आता एक गल्लत, जी चांगल्या मनाची माणसंच करतात. कोपऱ्यावरचा पानटपरीखाली झोपणारा शेरू रोज दिसतो, शेपूट हलवतो, पावसात भिजतो, म्हणून त्याला घरी आणावं का? आधी त्याचा कान बघा. कानाला खाच असेल तर त्याची नसबंदी आणि लस झालेली आहे. महापालिका किंवा संस्थेने त्याला पकडून, शस्त्रक्रिया करून, मुद्दाम त्याच जागी परत सोडलं आहे. २००१ सालच्या आणि आता २०२३ सालच्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांचं तत्त्व हेच आहे: त्याची हद्द त्याला परत द्यायची, म्हणजे नवी, लस न झालेली कुत्री तिथे शिरत नाहीत. या शहरांनी त्याआधीचेही दिवस बघितले आहेत. ब्रिटिश सरकारने मुंबईत मोकाट कुत्री मारायचा सपाटा लावला तेव्हा जून १८३२मध्ये फोर्ट भागात पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि मोठी दंगल झाली. तरीही पुढे १९९४पर्यंत मुंबई महापालिका पकडलेली कुत्री मारतच होती, आणि कुत्री काही संपली नाहीत.

तर शेरूला टपरीवाला, रात्रपाळीचा वॉचमन आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन काकू मिळून सांभाळत असतील, तर त्याला घर आहे. चार वर्षं अख्ख्या गल्लीवर राज्य केलेल्या कुत्र्याला चौथ्या मजल्यावर कोंडलं तर काही रमतात, पण काही रात्रभर विव्हळतात. त्याच्यासाठी करायचंच असेल तर दर वर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. घर हवं असतं ते परत सोडताच येत नाही अशांना: पाय गेलेली, दृष्टी गेलेली, इतर कुत्री जगू देत नाहीत इतकी मवाळ, आणि माणसांनी पाळून टाकून दिलेली. या शेवटच्या वर्गाला तर रस्ता ओलांडणंही येत नसतं.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२५मधल्या आदेशांनी हे चित्र बदलायला घेतलं. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवा असा आदेश झाला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो मवाळ केला आणि नसबंदी-लसीनंतर कुत्री मूळ जागी सोडायची, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र सोडायची नाहीत, असं सांगितलं. त्याच आदेशात एक वाक्य असं होतं की प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून ही कुत्री दत्तक घेता येतील, मात्र ती पुन्हा रस्त्यावर येणार नाहीत याची जबाबदारी घेणाऱ्याची. पुढे नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बस आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातून हटवलेली कुत्री तिथे परत सोडू नयेत असाही आदेश झाला. आदेश बरोबर की चूक यावर भांडायला टीव्ही आहे. मला त्यातून दिसतं ते एवढंच, की आश्रयस्थानांत येणारी कुत्री आता पिल्लं नसणार. ती पूर्ण वाढलेली, प्लॅटफॉर्मवर नि रुग्णालयाच्या जिन्यात माणसांत वाढलेली असणार. आपण टोपलीभोवतीच गर्दी करत राहिलो तर त्यांचं काय होणार हे सांगायला नको.

घरातल्या संमतीबद्दल मात्र थांबून बोललं पाहिजे. फॉर्मवर ‘घरातील सर्वांची संमती आहे का’ असा रकाना असतो आणि सगळे ‘हो’ लिहितात. डोंबिवलीतल्या एका घरात मुलाला कुत्रा हवा होता, वडिलांनी वाढदिवसाला हो म्हटलं, आई ‘बघा बाई’ म्हणाली, आजी काहीच म्हणाली नाही. सहा महिन्यांनी पहाटे साडेपाचला कुत्र्याला खाली नेते ती आजी. तिला विचारलं तर म्हणाली, “मला कुणी विचारलंच नव्हतं. आता तो माझ्याशिवाय जातच नाही.” या घरात निभावलं. पण नियम म्हणून सांगायचं तर, ज्या माणसावर काम पडणार त्याचा होकार हवा. ज्याला हौस आहे त्याच्या होकाराला किंमत नाही. बारा वर्षांचा मुलगा सहा वर्षांनी इंजिनिअरिंगला बाहेरगावी जातो आणि कुत्रा तिथेच असतो.

आजीचा विरोध असेल तर तो ऐकून घ्यावा, त्यात बऱ्याचदा पोटातली चौदा इंजेक्शनं असतात. तिच्या काळी कुत्रा चावला की ती घ्यावी लागत, आणि गल्लीत एखादा माणूस पाण्याला घाबरून गेलेला तिने पाहिलेला असतो. आता लस दंडात मिळते, तीही चार-पाचदाच. पण रेबीज लक्षणं दिसू लागल्यावर आजही बरा होत नाही. आजीची भीती खोटी नाही. तिला उत्तर लसीचं आहे. गोव्यात २०१४पासून ‘मिशन रेबीज’ने राज्य सरकारबरोबर गावोगाव, जाळी घेऊन, मोकाट कुत्र्यांना दर वर्षी लसी टोचल्या. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित जाहीर होणारं देशातलं पहिलं राज्य ठरलं. घरातल्या कुत्र्याला वर्षाला एक लस, तिचं कार्ड फ्रिजवर लावलेलं, एवढं आजीला दाखवता आलं पाहिजे.

सोसायटीबद्दल लोक फार घाबरतात. प्राणी कल्याण मंडळाची २०१५ सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांनुसार सोसायटीला सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनही कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. सेक्रेटरींना हे कागद दाखवावेत, पण कागद दाखवण्याआधी कुत्र्याची शी उचलायची पिशवी खिशात ठेवावी; अर्धी भांडणं तिथेच मिटतात. तुमचा कुत्रा चावला आणि निष्काळजीपणा तुमचा, तर नव्या न्याय संहितेत सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. सोडून दिला तर पन्नास आणि चावला तर पाच हजार, असा आपला कायदा. भाडेकरूंचं दुखणं वेगळं. करार अकरा महिन्यांचा आणि कुत्रा बारा-तेरा वर्षांचा. घरमालकाची संमती करारात लिहून घेतल्याशिवाय भाड्याच्या घरात कुत्रा आणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वयाचा मुद्दा आपल्याकडे बोलला जात नाही. मुलं अमेरिकेत, कोथरूडच्या तीन खोल्यांत पासष्टीचे दोघं, वेळ भरपूर, जीव लावायची हौसही भरपूर. त्यांना मुलगा भेट म्हणून पिल्लू देतो. हिशेब करा: गावठी कुत्रा नीट सांभाळला तर तेरा-चौदा वर्षं सहज जगतो. रतन टाटांच्या मृत्युपत्रात त्यांच्या टिटो नावाच्या कुत्र्याच्या सांभाळाची तरतूद होती, असं वर्तमानपत्रांत सविस्तर आलं होतं. मुंबईत बॉम्बे हाउस या टाटा समूहाच्या मुख्यालयाच्या आवारात भटक्या कुत्र्यांना जागा करून देणाऱ्या माणसाने हे लिहून ठेवलं, तर आपणही ठेवायला हरकत नाही. आणि त्याहून सोपा उपाय म्हणजे सात-आठ वर्षांचा कुत्रा घ्यावा. त्याची चालही आजोबांएवढीच असते. मुलगा म्हणेल, आम्ही नेऊ की त्याला तिकडे. नेता येतं, पण ऑगस्ट २०२४पासून भारतातून अमेरिकेत जाणाऱ्या कुत्र्यासाठी मायक्रोचिप, रेबीज लसीचे कागद आणि सहा महिन्यांचं किमान वय सक्तीचं आहे, शिवाय ज्या विमानतळांवर उतरता येतं तेही ठरलेले. आयत्या वेळी जमणारं ते काम नव्हे.

खर्चाचं थोडक्यात. गावठी कुत्रा फुकट मिळतो, सांभाळ फुकट नसतो. वर्षाच्या लसी, तीन महिन्यांनी जंताचं औषध, दर महिन्याला गोचिडांचं औषध, आणि पावसाळ्यात गोचीड-तापाने एकदा तरी डॉक्टर. गावाला जाताना बोर्डिंग. महिन्याला काही हजार बाजूला पडणार असतील तर पुढे जावं. खाणं घरचं चालतं, फक्त भाजीच्या रश्श्यातला कांदा, बेसनाच्या लाडवावरचा बेदाणा आणि शिजवलेलं हाड चालत नाही. पार्ले-जी आणि दुधावर कुत्रा वाढत नाही, त्याचं पोट बिघडतं.

हे सगळं वाचून कुणी ‘नाही’ ठरवलं, तर ते उत्तम उत्तर आहे. अर्ध्या मनाने आणलेल्या कुत्र्यापेक्षा न आणलेला कुत्रा बरा. ज्यांचं मन हो-नाहीत अडकलं आहे त्यांच्यासाठी ‘फॉस्टर’ नावाची सोय आहे. शस्त्रक्रियेतून उठलेला किंवा आश्रयस्थानाचा गोंगाट न सोसणारा कुत्रा काही आठवडे घरी ठेवायचा, औषधपाण्याचा खर्च बहुधा संस्थेचा. आपल्याला झेपतं का ते कळतं, कुत्र्याला घर काय असतं ते कळतं, आणि त्याच्याबद्दल पुढच्या घराला सांगायला चार खऱ्या गोष्टी हाती येतात. मामांनी चिंगीबद्दल सांगितलं तशा. पुण्यात ‘रेस्क्यू’, मुंबईत १९८५पासून काम करणारी ‘वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ अशा संस्था आहेत. लहान गावांत बहुधा एखादी बाई, एक पत्र्याची शेड आणि पशुवैद्यकाची उधारी असते. विचारलं की कळतं.

तुम्ही हा अंक दिवाळीच्या सुट्टीत वाचत असाल आणि मनात काही हललं असेल, तर एक विनंती. या आठवड्यात कुत्रा आणू नका. फटाक्यांनी आधीच बिथरलेली कितीतरी कुत्री या दिवसांत घरं सोडून पळतात. नव्या घराची त्यात भर नको. तुळशीची लग्नं होऊ द्या. मग जवळच्या आश्रयस्थानाला फोन करा, ज्याच्यावर काम पडणार आहे त्या माणसाला बरोबर घेऊन जा, आणि गेल्यावर पिल्लांची टोपली कुठे आहे ते विचारू नका. इथे सगळ्यात जास्त दिवस कोण आहे, ते विचारा.